तेवीस पुरचुंड्या आणि एक लिंब

टण्ण!

दुपारच्या सामसूम घरात चिंचोका स्टीलच्या ताटात पडला आणि अनुपमाने जीभ चावली. खाटेवरच्या रेणूने कूस बदलली, अंगठा तोंडात गेला, आणि देवाच्या कृपेने पुन्हा डोळा लागला. पावणेपाच वर्षांची ही पोर दुपारची झोपायची दीड तास. दिवसातला तेवढा दीड तास काय तो अनुपमाचा. बाकीचा सगळा डब्यांचा, धुण्याचा, आणि “आई, हे असं का?” या प्रश्नाचा.

तिने ताटात जुना टॉवेल अंथरला, चिंचोके परत ओतले आणि पहिल्यापासून मोजायला घेतले. एकतीस. काल एकतीस होते, परवाही एकतीसच. तिसऱ्यांदा मोजून चिंचोका वाढेल असं थोडंच आहे! पण सोमवारी मिटिंग होती, आज शनिवार उजाडून कलला होता, आणि चूक कुठे आहे ते अजून सापडत नव्हतं.

पुढ्यात सुतळीत ओवल्यासारख्या बांधलेल्या कापडाच्या पुरचुंड्या होत्या. तेवीस. कुठली लुगड्याच्या काठाची, कुठली जुन्या परकराची, एक तर शाळेच्या खाकी चड्डीची. वर्षाला एक. दोन हजार तीनपासून गेल्या सालापर्यंत. या पुरचुंड्या ताईबाईंच्या.

अनुपमा वनस्पतिशास्त्र शिकलेली. लग्न होऊन इनामगावात आली, रेणू झाली, आणि मग पुण्याच्या एका संस्थेचं घरबसल्या करायचं काम मिळालं. झाडं कधी फुलतात, पाखरं कधी येतात, किडे कधी निघतात, आणि हवा तापत चालली तशा या वेळा किती सरकल्या, हे मांडायचं काम. आकड्यांचं एक गणित बसवायचं. त्याला ते लोक मॉडेल म्हणत. ते बरोबर बसलं तर पुढच्या सालाचा मोहोरही आधी सांगता येतो. तिच्या वाट्याला कडुलिंब आला होता.

“म्हंजी तू लिंबाची पत्रिका मांडतीस,” सासूबाई पुतळाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

“पत्रिका नाही हो आत्या. हे बघा, थंडीत दही लागायला दुपार उजाडते, उन्हाळ्यात पहाटेच लागलेलं असतं. विरजण तेच, दूध तेच. ऊब लवकर भरली की दही लवकर. लिंबाचंही तसंच काहीतरी असावं. रोजची थोडीथोडी ऊब साठवतो आणि पुरेशी झाली की फुलतो.”

“आन् जास्त झाली की आंबतो,” म्हणून पुतळाबाई भाकरी थापायला बसल्या होत्या. पण गोष्ट त्यांना पटली होती. तेव्हापासून शेजारणींना सांगायच्या, “आमची सून झाडाचं दही लावती.”

अडचण जुन्या नोंदींची होती. हवेचं तापमान कुणी ना कुणी लिहून ठेवलेलं असतं. लिंब कधी फुलला हे कोण लिहिणार? गावच्या टेकाडात खणलं तेव्हा हजारो वर्षांपूर्वीचं जळकं धान्य निघालं. पण त्या माणसांच्या दारात मोहोर कुठल्या दिवशी यायचा, ते काही कुणी रांजणात भरून ठेवलं नव्हतं.

होळी झाल्यावर दोनच दिवसांनी ती विहाराशेजारच्या लिंबाचा फोटो काढत होती. मान वर, तोंड उघडं. तेव्हा अंगण झाडणारी एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“फोटू काय काढतीस सूनबाय? त्याला फुलं कवा आली ते मला इचार की.”

त्या ताईबाई. साठीच्या पुढच्या. पुतळाबाईंच्या कांद्यात वर्षानुवर्षं खुरपायला आलेल्या, त्यामुळे घरच्या माहितीतल्या. त्यांनी आत जाऊन ही सुतळी आणली. पहिलं फूल अंगणात पडलं की त्या दिवसापासून रोज एक चिंचोका पुरचुंडीत टाकायचा. दिवस भरले की तोंड बांधायचं. दरसाल. त्या सकाळीही पहिलं फूल पडलं होतं. ताईबाईंनी तिच्यादेखत नव्या पुरचुंडीत पहिला चिंचोका टाकला आणि ती दाराच्या खिळ्याला अडकवली.

“हरवू नको बाई. न्हाईतर मला सगळी सालं परत जगावी लागतील,” त्या सुतळी देताना हसत म्हणाल्या होत्या. आणि अनुपमाने त्यांचा हात धरून कबूल केलं होतं, “मावशी, हे तुमच्या नावानं लागेल.”

पुढे रेणूला ताप आला, मग खोकला, मग अनुपमालाच. महिना घरात गेला. त्या महिन्यात तिने पुरचुंड्या मोजल्या आणि गणितात घातल्या. पाडव्याची तारीख घ्यायची, त्यातून चिंचोके वजा करायचे, की पहिल्या फुलाचा दिवस निघतो. किती सोपं! आणि निघालं काय, तर एकाही वर्षाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एका साली लिंब अकरा फेब्रुवारीला फुललेला, पुढच्याच साली चार मार्चला. रेघ काढली तर दारूड्याच्या पावलांसारखी. आणि दोन हजार वीसच्या पुरचुंडीत तर दोनशे अठरा चिंचोके! तिचं तोंडही नीट बसलेलं नव्हतं, वरून दुसरं फडकं गुंडाळलेलं. हिशेबाने त्या साली लिंब आदल्या ऑगस्टात फुलला.

“ऑगस्टात मोहोर?” पुण्याचे सर सकाळी फोनवर मनापासून हसले होते. “अनुपमा, हे झाड ऑस्ट्रेलियातलं दिसतंय. अगं, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीचं असंच असतं. काढून टाक. सोमवारी मला स्वच्छ आकडे हवेत.”

“सगळ्याच काढू सर?”

“तेवीसच्या तेवीस. एक वेडी असेल तर बाकीच्यांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?”

त्यांचंही खरं होतं. पण ताईबाईंच्या हातात सुतळी परत देताना कुठल्या तोंडानं काय म्हणायचं? मावशी, तुमची तेवीस सालं चुकली?

“झोपली का ग ती?” पुतळाबाई पदराला हात पुसत आत आल्या आणि ताटाकडे बघून म्हणाल्या, “अजून चिंचोकेच? आमच्या काळी पोरी खेळायच्या ह्याच्यानं. आता शिकलेल्या खेळत्यात.”

“हळू आत्या.”

“हळूच बोलते. ते संगीताला शिरूरला फोन लावून ठेव सांजच्याला. यंदा धोंड्याचा महिना हाय. जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारसे घालायचं. आधी सांगितलं न्हाई तर मागल्या टायमासारखं कंपनीत सुट्टीच न्हाई म्हणतील.”

“मागचा कधी होता?”

“श्रावणात न्हव्हता का आलेला? दोन श्रावण झाले तवा. तीन सालं झाली की त्याला. कवा दोन, कवा तीन सालांनी येतोय जावयाचा मान, तेवढा बी चुकवायचा म्हंजी काय!”

त्या बोलत बोलत ओट्याकडे गेल्या. अनुपमा मात्र लॅपटॉपवरच्या वाकड्या रेघेकडे बघत राहिली.

दोन पावलं मागे, एक उडी पुढे. पुन्हा दोन पावलं मागे, उडी पुढे. मध्ये एखाद्या वेळी एकाच पावलानंतर उडी. दारूड्या असा शिस्तीत कशाला झोकांड्या खाईल? म्हाताऱ्या माणसाची आठवण चुकली तर कशीही चुकेल, आज इकडे, उद्या तिकडे. ही रेघ तर मोजून लंगडत होती.

तिने जुन्या सालांची पंचांगं फोनवर उघडली आणि बोट ठेवून बघत गेली. दोन हजार बारा, अधिक भाद्रपद, तेराला उडी. पंधरा, अधिक आषाढ; सोळाला उडी. अठरा, अधिक ज्येष्ठ, एकोणीसला उडी. एकही सुटली नाही.

पंचांगाचं वर्ष आखूड. सण दरसाल दहाअकरा दिवस अलीकडे सरकत जातात आणि मग धोंड्याचा महिना घालून त्यांना परत ऋतूजवळ आणून ठेवतात. हे माणसाला माहीत. लिंबाला कुठला अधिक महिना? तो कशाला लंगडेल? लंगडत होता तो पाडवा, आणि त्याला या गणितात आणून बसवलं होतं...

तिने होळीच्या आठवड्यात भरलेला फॉर्म उघडला. ‘मोजणीची सुरुवात’ या रकान्यापुढे: पहिलं फूल. ‘मोजणीचा शेवट’ यापुढे: गुढीपाडवा. तिनेच टाइप केलेलं. ताईबाई काय म्हणाल्या होत्या? “दिवस भरले की तोंड बांधायचं.” कुठला दिवस, ते त्या म्हणाल्याच नव्हत्या. आणि हिने विचारलंच नव्हतं. लिंबाचा मोहोर म्हटलं की पाडवा. गूळ, ओवा, हिंग घालून वाटलेली ती कडू गोळी लहानपणापासून जिभेवर बसलेली. त्यात विचारायचं काय, असं तिला वाटलंही नव्हतं. वाटायलासुद्धा जागा नव्हती.

“आई, चिंचोके कडू असतात का?” खाटेवरून रेणूचा आवाज आला. दीड तास संपला होता.

“चल,” अनुपमा म्हणाली. “ताईआजीकडे जायचंय.”

“चप्पल घालून?”

“चप्पल घालून.”

विहाराला नवा रंग लागला होता. कमानीवर दोघं जण निळ्या पताका बांधत होते, खालून तिसरा “डावीकडं, डावीकडं” म्हणून ओरडत होता आणि वरचे दोघे त्याला उजवीकडून शिव्या घालत होते. येत्या मंगळवारी चौदा एप्रिल. दरसाल या दिवशी मिरवणुकीचा आवाज अनुपमाच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा, भांडी थरथरायची. तिने खिडकी लावून घेतलेलीही तिला आता आठवली.

ताईबाई ओसरीवर बसून वाटाणे सोलत होत्या. आणि त्यांच्या पाठीमागे, दाराच्या खिळ्याला, होळीतली ती पुरचुंडी लटकत होती. तोंड उघडं. पाडवा होऊन तीन आठवडे उलटले होते.

अनुपमा पायरीवरच बसली. “मावशी, अजून बांधली नाही?”

“अजून तीन दिस हायेत की.”

“कशाला तीन दिवस?”

“जयंतीला.” ताईबाईंनी शेंग मोडली. “जयंतीच्या सकाळी तोंड बांधायचं आन् फाट्यावर जाऊन दौंडची गाडी धरायची. माहेर न्हाई का माझं दौंडला? पोपट, माझा भाऊ, रेल्वेत व्हता. आई त्याच्यापाशी असती. बाप गेला त्या साली आई म्हणली, बये, सालभर येऊ नको, पर जयंतीला येत जा. मग काय, लिंबाचं पयलं फूल पडलं की मला माहेर दिसायला लागायचं. रोज एक चिंचोका टाकायचा. मोजलं की दिवस सरत्यात.”

“वहीत नाही लिहिलं कधी?”

“लिवता येतं की मला! चौथी झालीय मी रेल्वेच्या शाळेत.” त्या डोळा बारीक करून हसल्या. “पर लिवलेलं कुणी बी वाचतंय. सासू म्हणली असती, सून कामं टाकून माहेराचं दिस मोजती. चिंचोक्याला कोण इचारतंय?”

अनुपमाला हसूही आलं आणि चेहराही तापला. “मावशी, माझी चूक झाली. मी पाडवा लिहून टाकला. तुम्हाला विचारलंच नाही.”

ताईबाईंचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं. नजर रागाची नव्हती, जुनी ओळख पटल्यासारखी होती. मग म्हणाल्या, “तुमच्यात पाडव्याला लिंब खात्यात, म्हणून लिंबानं बी पाडवाच पाळायचा व्हय ग? आमच्या दारचा लिंब हाय तो. जयंती पाळतोय.”

“तो दोन्ही पाळत नाही मावशी. तेच तर कळलं आज.”

“कळलं ना? मग बस. वाटाणे सोल.”

रेणू एव्हाना टोपल्यात हात घालून बसलीच होती. अनुपमाने पिशवीतून सुतळी काढली, ती फुगलेली पुरचुंडी पुढे केली. “ही वीस सालची. हिच्यात दोनशे अठरा कसे?”

ताईबाईंनी ती हातात घेतली, वरच्या फडक्यावरून अंगठा फिरवला. “हे लॉकडाऊनचं. गाड्याच बंद. जयंती घरात झाली, दारात दिवे लावून. बांधू कशी? गेलेच न्हाई तर दिवस भरले कुठं? टाकत राहिले. उन्हाळा गेला, लिंबोळ्या पडल्या, सडल्या, मी आपली टाकतीय. पोपट म्हणायचा, येऊ नको अक्का, हितं लय पेशंट हायेत. शेवटी दीक्षा घेतलेल्या दिवशी गेले.”

“म्हणजे चौदा ऑक्टोबरला? नक्की त्याच दिवशी?”

“तर! सकाळी हितं वंदना झाली आन् भाच्यानं गाडीवर नेलं. आई दारातच बसलेली. म्हणली, लिंबोळ्या बी सरल्या की ग, आत्ता आलीस?” ताईबाई हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्याला लागला. “अशी हाय बघ म्हातारी.”

अनुपमाने वही काढली. चौदा ऑक्टोबरातून दोनशे अठरा दिवस वजा. महिन्यामहिन्याने ती मागे येत गेली. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, बोटांवर, रेणू शेजारून बोटं मोजून खात्री करत होती. दहा मार्च निघाला. तिने वहीचं मागचं पान उलटलं. नुसत्या तापमानावरून, एकही चिंचोका न पाहता, मॉडेलने त्या सालासाठी सांगितलेला दिवस तिथे तिच्याच अक्षरात होता: अकरा मार्च.

एका दिवसाचा फरक. सगळ्या जगाचं वेळापत्रक मोडलं होतं त्या सालात, एक बाई माहेरच्या वाटेकडे डोळे लावून चिंचोके टाकत राहिली, आणि तिचा एकही दिवस चुकला नव्हता.

बाकीची बावीस तर सोपी होती. चौदा एप्रिल काही सरकत नाही. ओसरीवरच तिने एकेक आकडा मांडला. दोन हजार तीनला पंचवीस चिंचोके, वीस मार्च. गेल्या साली अडतीस, सात मार्च. मध्ये थोडं वरखाली, थंडी जास्त पडली त्या साली चार दिवस उशीर. पण लंगडणं गेलं होतं. रेघ हळूहळू, एकाच बाजूला, उताराच्या रस्त्यासारखी उतरत होती.

तिने सरांना फोन लावला. “सर, काढू नका. चूक माझी होती. शेवटचा दिवस मी चुकीचा धरला.” आणि भराभरा सगळं सांगितलं.

पलीकडे बराच वेळ कळफलकाची टकटक. “वीसचा दहा मार्च?”

“हो.”

“ऑस्ट्रेलिया रद्द मग.” सरांचा आवाज वेगळा झाला होता. “तेवीसच्या तेवीस राहू देत. आणि मोजणाऱ्याचं नाव पाठव. पूर्ण नाव.”

“काय म्हणतोय तुझा मास्तर?” ताईबाईंनी विचारलं.

“तुमची सालं बरोबर आहेत म्हणतायत.”

“ते त्यानं सांगायला पायजे व्हय?” त्या म्हणाल्या. पण मांडीवरची सुतळी त्यांनी जवळ ओढून घेतली, आणि पहिली पुरचुंडी आणि शेवटची दोन तळहातांवर तोलून बघितली. “एक सांग सूनबाय. ही जड झालीय ना? मला वाटायचं, माझंच वय झालं. आधी पंचवीस चिंचोक्यात माहेर यायचं. आता यंदा चाळीस लागणार. मी म्हणायची, ताईबाई, तुला आता वाट बघवना, म्हणून दिस लांबल्यात. तसं न्हाई तर?”

“तसं नाही मावशी. लिंब खरंच लवकर फुलतोय. पंधरा दिवस. जयंती तिथेच आहे.”

ताईबाईंनी वर बघितलं. लिंब आपल्या जागी उभा होता. मोहोर केव्हाच ओसरून देठांवर हिरवे मणी धरले होते. वाऱ्याबरोबर उरलंसुरलं एखादं फूल गिरक्या घेत खाली येत होतं.

“बया,” त्या हळूच म्हणाल्या. “म्हंजी त्योच घाई करतोय.”

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून चिंचोका काढून रेणूच्या हातावर ठेवला. “आजचा राहिलाय. टाक तू.”

अनुपमाने तिला उचलून धरलं. रेणूने खिळ्यावरच्या पुरचुंडीत चिंचोका सोडला, आत तो बाकीच्यांवर टिकदिशी वाजला, आणि तिने कान लावून तो आवाज नीट ऐकून घेतला. खाली उतरायची तिची काही तयारी दिसेना. आईच्या खांद्यावर हनुवटी टेकून ती लिंबाकडे बघत राहिली. कपाळावर तीच आठी, जी अनुपमाच्या कपाळावर महिनाभर होती.

“आई, ताईआजीला तिच्या आईकडे जायचंय म्हणून ती दिवस मोजते ना?”

“हो.”

“मग लिंबाला कुठं जायचंय?”